कोठें ठेवलें आहे?

घरांतील वस्तु कोठें ठेवली आहे हें दुसऱ्यास नीट सांगणें ही एक विद्या आहे, असें म्हटल्यास आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु ज्यांचें आयुष्य मोठ्या एकत्र कुटुंबांत गेलें आहे त्यांस या विधानाची सत्यता निराळी पटवून द्यावयास नको. अष्टागरांतील एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणावें. पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागील पडवी, आणि या सर्वांवर पसरलेला माळा. अशा घरांत एखादी जुनी पावती हवी झाली म्हणजे जाणती गृहिणी 'असेल तेथेंच कोठें तरी' असें कधीं म्हणत नाहीं. 'माळ्यावर, पूर्वेच्या भिंतीशीं, हिरव्या ट्रंकेंत, तळाच्या कापडी पिशवींत' असें ती सांगते; आणि ज्यानें ती ट्रंक जन्मांत पाहिली नाहीं असा मुलगाही पावती घेऊन दोन मिनिटांत खालीं उतरतो. मोठ्या जागेपासून लहान जागेपर्यंत, मधला एकही टप्पा न गाळतां, उतरत जावयाचें, हें या सांगण्याचें सारें रहस्य होय.

या महिन्यांत वाचकांपुढें जो विषय मांडावयाचा आहे तो याच विद्येचें एक नवें अंग आहे. संगणकावर एखादा प्रोग्राम बसविला, मग तो जमाखर्चाचा असो, छायाचित्रांचा असो, वा कागदांच्या प्रती काढून ठेवणारा असो, त्याच्या सेटिंगांत एक चौकट हटकून आढळते. 'फाईली कोठें ठेवावयाच्या?' किंवा 'फाईली कोठून घ्यावयाच्या?' एवढाच तिचा प्रश्न असतो. बहुतेक मंडळी ती चौकट जशी आली तशी सोडून पुढें जातात; कांहीं मंडळी घाईघाईनें तींत कांहीं तरी भरतात. आमच्या मतें गृहस्थाश्रमांतील पुष्कळसे संगणकी क्लेश या एका चौकटींतून उत्पन्न होतात, आणि तिचें मर्म एकदां समजलें म्हणजे ते टाळतांही येतात.

त्या चौकटींत लिहिलेल्या मजकुरास संगणकाच्या व्यवहारांत 'पाथ' म्हणतात. पाथ म्हणजे वाट. उदाहरणार्थ, 'डी:\घर\जमीन\नागांव\सातबारा-२०२४' हा एक पाथ झाला. यांतील 'डी' हें ड्राइव्हचें अक्षर, म्हणजे ज्या डिस्कवर सामान ठेवलें आहे तिची खूण. तिजवर 'घर' नांवाचा फोल्डर, त्याच्या पोटांत 'जमीन', त्याच्या पोटांत 'नागांव', आणि सर्वांच्या शेवटीं 'सातबारा-२०२४' ही फाईल. मधल्या तिरक्या रेघा म्हणजे एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जाण्याचे उंबरेच समजावे. टपालाच्या पत्त्यांत आपण उलट क्रम धरतों: आधीं माणसाचें नांव, मग मुक्काम, पोस्ट, तालुका, आणि शेवटीं जिल्हा. परंतु सरकारच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळावर सातबारा पाहणारास पाथाचाच क्रम पाळावा लागतो. प्रथम कोंकण विभाग, मग रायगड जिल्हा, मग अलिबाग तालुका, मग गांव, आणि मग जमिनीचा नंबर. ज्यानें हा उतारा एकदां शोधला आहे त्यास पाथ म्हणजे काय हें ठाऊकच आहे. फक्त त्याचें नांव ठाऊक नाहीं.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं सेटिंगांत आपण वस्तु ठेवीत नाहीं. वस्तूचा पत्ता ठेवतों. वस्तु हलली तरी पत्ता आपोआप हलत नाहीं. बिऱ्हाड बदललेल्या माणसाचें पत्र जुन्या पत्त्यावर गेलें तर गांवचा पोस्टमन निदान शेजारीं चौकशी करतो. प्रोग्रामास शेजार नसतो. दिलेल्या पाथावर कांहीं न सांपडल्यास तो तीन प्रकारांपैकीं एका प्रकारें वागतो. एक तर 'ठिकाण सांपडलें नाहीं' असें स्पष्ट सांगून थांबतो. हा सर्वांत प्रामाणिक प्रकार. दुसरा, तो आपल्या नोंदवहींत तशी एक ओळ लिहितो व तोंडानें कांहींच बोलत नाहीं. तिसरा प्रकार असा, कीं त्याच नांवाचा एक नवा, रिकामा फोल्डर तो स्वतःच तयार करतो आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें कामास लागतो. जमाखर्चाचा प्रोग्राम उघडावा आणि वर्षाचीं सगळीं खातीं कोरीं दिसावीं, असा प्रसंग कित्येक घरीं आलेला असेल. तेथें बहुधा खातीं गेलेलीं नसतात; चुकलेला असतो तो पत्ता. म्हणून अशा वेळीं घाबरून नवीन नोंदी करूं लागण्यापूर्वीं सेटिंगांतील पाथ वाचून पाहावा.

हा विषय केवळ सोयीचा नाहीं हें दाखविण्यासाठीं आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथें देतों. रेवदंड्याच्या बाजूस त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. तिघे भाऊ, थोरले वाडीवर, मधले पुण्यास, धाकटे डोंबिवलीस. २०१८ च्या दिवाळींत पुण्याच्या पुतण्यानें घरांतील सर्व जुने कागद संगणकावर उतरविले. त्यांत वांटणीपत्र होतें, घरपट्टीच्या पावत्या होत्या, पणजोबांचीं पत्रें होतीं, कुलवृत्तांताचीं टिपणें आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें होतीं. कोंकणांतील ओल व वाळवी यांचा अनुभव असल्यामुळें एवढ्यावर न थांबतां त्यानें एक बाहेरची डिस्क आणली, आणि रोज रात्रीं नऊ वाजतां सर्व फाईलींची प्रत तिजवर आपोआप उतरावी अशी व्यवस्था केली. प्रत ठेवण्याचा पाथ त्यानें 'ई:\घराची प्रत' असा दिला. त्या दिवशीं डिस्कचें अक्षर 'ई' होतें व पाथ अगदीं बरोबर होता. थोरले बंधु रोज सायंकाळीं डिस्क जोडीत आणि सकाळीं काढून लोखंडी कपाटांत ठेवीत. वर्षभर हें सर्व नेमानें चाललें.

२०१९ च्या डिसेंबरांत डोंबिवलीची मंडळी एका लग्नाचीं छायाचित्रें घेऊन आली. त्यांचा पेन ड्राइव्ह संगणकास आधीं लागला, आणि त्या वेळीं मोकळें असलेलें 'ई' हें अक्षर संगणकानें त्यास देऊन टाकलें. मागाहून डिस्क जोडली तेव्हां तिच्या वांट्यास 'एफ' आलें, व तेव्हांपासून संगणकानें तेंच तिचें अक्षर म्हणून लक्षांत ठेवलें. प्रती काढणाऱ्या प्रोग्रामास यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. त्यास 'ई' सांगितलें होतें; तो 'ई'कडे गेला. पेन ड्राइव्ह डोंबिवलीस परत गेल्यावर 'ई' उरलाच नाहीं, आणि मग रोज रात्रीं नऊ वाजतां नोंदवहींत एक ओळ लिहून प्रोग्राम स्वस्थ बसूं लागला. ती नोंदवही कोणीं उघडली नाहीं. डिस्क मात्र रोज जोडली जात होती आणि रोज कपाटांत जात होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्या घरच्या आजींनीं नातवंडांच्या आग्रहावरून आपल्या माहेरच्या आठवणी, सणावारांचे कुळाचार आणि दूरचे नातेसंबंध यांविषयीं पुष्कळ बोलून ठेवलें. तो आवाज त्याच संगणकावर सांठविला गेला. एप्रिलांत आजी गेल्या.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलें. वाड्यांतील नारळी-पोफळी कोसळल्या, घरांवरचीं कौलें व पत्रे उडाले, आणि कित्येक गांवांतून आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. या घरांतही संगणकाच्या खोलीचें छप्पर गेलें आणि पावसाचें पाणी यंत्रांत शिरलें. कपाटांतील डिस्क कोरडी राहिली होती, म्हणून घरची मंडळी निश्चिंत होती. पुढें पुण्यास नेऊन ती डिस्क उघडली, तों तिजवरील शेवटची तारीख डिसेंबरची निघाली. सातबाऱ्याचा उतारा पुन्हां मिळतो. घरपट्टीची नक्कल पुन्हां मिळते. आजींचा आवाज मिळाला नाहीं.

या हकीकतींत कोणाचा आळस दिसत नाहीं. पुतण्यानें दूरदृष्टि दाखविली, काकांनीं नेम पाळला, आणि यंत्रानेंही सांगितलें तेंच केलें. दोष शोधावयाचा तर तो एकाच ठिकाणीं सांपडतो: जें फिरतें आहे त्यावर कायमचा पत्ता बांधला गेला. 'ई' हें त्या डिस्कचें नांव नव्हतें; तें तिला त्या दिवशीं मिळालेलें आसन होतें. पंगतींत तिसऱ्या पाटावर बसलेल्यास रोज साजूक तूप वाढावें असें वाढप्यास सांगून ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या पाटावर भलताच कोणी बसावा, तशांतला हा प्रकार झाला. यावर उपाय अवघड नाहीं. विंडोजमध्यें 'डिस्क मॅनेजमेंट' या ठिकाणीं जाऊन बाहेरच्या डिस्कला एक ठराविक अक्षर नेमून देतां येतें. तें अक्षरमालेच्या पुढच्या बाजूचें, म्हणजे 'आर' किंवा 'एस' यांसारखें निवडावें. कारण येणाऱ्याजाणाऱ्या पेन ड्राइव्हांस संगणक बहुधा आरंभींचीं मोकळीं अक्षरें वांटीत असतो. लिनक्समध्यें अक्षरांची पद्धतच नाहीं. तेथें प्रत्येक डिस्कचा जो स्वतःचा ओळख-क्रमांक असतो त्यावरून तिचें ठिकाण बांधून ठेवतां येतें. तत्त्व एकच: पाटाकडे न पाहतां माणसाकडे पाहून वाढावें.

आतां पाथाचे जे दोन प्रकार आहेत त्यांकडे वळूं. एक पूर्ण पाथ व दुसरा सापेक्ष पाथ. पूर्ण पाथ ड्राइव्हच्या अक्षरापासून किंवा मूळ फोल्डरापासून आरंभ करतो, त्यामुळें तो कोठूनही वाचला तरी एकाच जागीं नेतो. सापेक्ष पाथ मात्र प्रोग्राम ज्या फोल्डरांत उभा असेल तेथून मोजला जातो. सासूबाई माजघरांत उभ्या राहून 'वरच्या खणांत बघ' असें म्हणतात. सूनबाई त्या वेळीं स्वयंपाकघरांत असते, ती तेथल्या फडताळाचा वरचा खण पाहते आणि 'येथें नाहीं हो' असें उत्तर देते. दोघींचेंही बोलणें खरें असतें. चुकते ती उभें राहण्याची जागा. सापेक्ष पाथांत एका टिंबाचा अर्थ 'हाच फोल्डर' आणि लागोपाठच्या दोन टिंबांचा अर्थ 'याच्या बाहेरचा, वरचा फोल्डर' असा होतो. तोच प्रोग्राम हातानें उघडला तर एका जागीं उभा असतो, आणि ठरल्या वेळीं घड्याळावरून आपोआप चालूं झाला तर कित्येकदां दुसऱ्याच जागीं उभा असतो. म्हणून दिवसा बरोबर चालणारें सेटिंग रात्रीं बिघडलें असें वाटतें तेव्हां त्याच्या मुळाशीं पुष्कळदां सापेक्ष पाथ असतो.

या प्रकाराचें एक उत्तम उदाहरण आमच्या किनाऱ्यावर समुद्रांत उभें आहे. 'कुलाबा' एवढाच शब्द उच्चारला तर मुंबईकरास आपल्या शहराचें दक्षिण टोंक आठवतें, आणि अलिबागकरास ओहोटीच्या वेळीं पायीं जाऊन पाहतां येणारा शिवकालीन जलदुर्ग आठवतो. शब्द एक, जागा दोन. कोणती घ्यावयाची हें बोलणारा कोठें उभा आहे यावर अवलंबून. योगायोग असा, कीं मुंबईच्या कुलाब्यास १८२६ सालीं वेधशाळा स्थापन झाली व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें होऊं लागलीं. आणि पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्या विजेचा उपद्रव टाळण्यासाठीं हीं मापनें १९०४ सालीं अलिबागेस, म्हणजे दुसऱ्या कुलाब्याच्या समोर, आणलीं गेलीं. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं सुमारें दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वाचनें घेण्यांत आलीं. हेतु असा, कीं जुन्या जागेचे आंकडे नव्या जागेच्या आंकड्यांशीं जोडून घेतां यावे. जागा बदलतांना जुना पत्ता एकदम न तोडतां कांहीं काळ दोन्ही चालूं ठेवावे, ही शहाणपणाची रीत त्या मंडळींनीं संगणक जन्मण्यापूर्वींच पाळली होती.

पत्ता नीट लिहून ठेवल्याचें फळ किती दूरवर मिळतें तेंही येथेंच पाहावयास मिळतें. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील एका स्फोटामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. त्या वेळीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत घेतलेलीं वाचनें स्थळ, दिवस व वेळ यांसह लिहून ठेवलेलीं होतीं. २००३ सालीं, म्हणजे तब्बल १४४ वर्षांनीं, भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं तीं वाचनें काढून त्या वादळाचें माप घेतलें. क्षैतिज चुंबकक्षेत्र सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं घसरल्याचें त्या नोंदींवरून दिसून आलें. नोंद घेणारे लोक केव्हांच गेले होते. विचारावयास कोणी नव्हतें. स्थळ, दिवस आणि तास एवढ्या आधारावर हवें तें पान सांपडलें. आज अलिबागच्या वेधशाळेच्या ज्या फाईली जगभर जातात त्यांच्या नांवांतही प्रथम 'एबीजी' ही तीन इंग्रजी अक्षरांची स्थलखूण व मग वर्ष, महिना, दिवस असाच क्रम असतो. फाईल कोणत्याही देशांतील संगणकावर जाऊन पडली तरी ती कोठली व केव्हांची हें तिच्या नांवावरूनच कळतें.

किनाऱ्यावरचा आणखी एक धडा असा. आमच्या जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं कुलाब्याचें रायगड झालें. जमीन हलली नाहीं, वाड्या हलल्या नाहींत. परंतु आजोबांच्या दस्तावर 'जिल्हा कुलाबा' आणि नातवाच्या दस्तावर 'जिल्हा रायगड' असें झालें. माणसास दोन्ही एकच हें ठाऊक असतें, म्हणून व्यवहार अडत नाहीं. संगणकास हें कोणीं सांगितलेलें नसतें. आपण हौसेनें 'घर' या फोल्डराचें नांव 'आमचें घर' असें केलें कीं त्याच्या आधारानें लिहिलेले सर्व पाथ एका क्षणांत निराधार होतात. यावरून एक नियम निघतो: फोल्डर जितका वरचा, तितकें त्याचें नांव स्थिर असावें. जें दरसाल बदलतें तें पाथाच्या शेवटीं असावें, आरंभीं असूं नये. 'घर\हिशेब\२०२४' ही रचना टिकाऊ आहे. '२०२४\घर\हिशेब' असें केल्यास दर वर्षीं प्रत्येक सेटिंग नव्यानें लिहिण्याची पाळी येते.

तथापि सापेक्ष पाथ सर्वथा त्याज्य आहे असें कोणीं समजूं नये. कुलवृत्तांताचें एक पान आणि त्यांत दिसणारीं छायाचित्रें एकाच फोल्डरांत असतील तर त्यांचा आपसांतील पत्ता सापेक्षच असावा. तो सर्व फोल्डर उचलून पुण्यास, बडोद्यास किंवा अमेरिकेंतील नातवाकडे पाठविला तरी आंतील नातें तुटत नाहीं. जें एकत्र राहतें व एकत्र प्रवास करतें त्याचा परस्परांशीं पत्ता सापेक्ष असावा. जें स्वतंत्र आहे त्याचा पत्ता पूर्ण असावा.

लिहिण्याच्या रीतींतही कांहीं खाचखळगे आहेत. युनिक्स व लिनक्स यांत पाथामध्यें सरळ तिरकी रेघ वापरतात, तर विंडोजमध्यें उलटी तिरकी रेघ वापरतात. याचें कारण ऐतिहासिक आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या १९८१ सालच्या पहिल्या आवृत्तींत फोल्डर नव्हतेच, आणि सरळ तिरकी रेघ आज्ञेपुढील सूचनांसाठीं वापरली जात होती. १९८३ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले तेव्हां ती रेघ आधींच कामास लागलेली असल्यामुळें उलट्या रेघेची योजना झाली. या उलट्या रेघेची एक खोडी आहे. पुष्कळ प्रोग्रामांच्या सेटिंग-फाईलींत तिला विशेष अर्थ असतो. तिच्यापुढें लहान लिपींतील इंग्रजी 'एन' आला तर त्याचा अर्थ 'नवी ओळ' असा घेतला जातो. मग 'नोट्स' या इंग्रजी नांवाचा फोल्डर मधूनच दुभंगतो. अशा ठिकाणीं ती रेघ दोनदां लिहावयाची असते. फोल्डराच्या नांवांत मोकळी जागा असेल तर आज्ञा लिहितांना सर्व पाथ दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. नाहीं तर 'घराची प्रत' या एका नांवाचीं 'घराची' व 'प्रत' अशीं दोन नांवें समजलीं जातात. 'घराची-प्रत' असें जोडचिन्ह घातलें तर हा प्रश्नच उरत नाहीं.

फोल्डरांस मराठी नांवें द्यावीं काय, असें कित्येक विचारतात. अवश्य द्यावीं, देवनागरी नांवें आजचे बहुतेक प्रोग्राम नीट वाचतात. परंतु दोन गोष्टी सांभाळाव्या. लिनक्समध्यें इंग्रजी मोठ्या व लहान लिपींतील अक्षरें निराळीं मानलीं जातात. देवनागरींत तो भेद नाहीं, तथापि तिची जागा ऱ्हस्व-दीर्घ घेतात. 'अलिबाग' आणि 'अलीबाग' हीं संगणकाच्या दृष्टीनें दोन गांवें आहेत. शुद्धलेखनाची एवढी कडक परीक्षा आमच्या शाळामास्तरांनींही कधीं घेतली नसेल. त्याहून सूक्ष्म गोष्ट 'किनाऱ्यावरील' यासारख्या शब्दांची. त्यांतील अर्धा 'र' संगणकांत दोन निराळ्या प्रकारांनीं उमटवितां येतो. डोळ्यास दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यंत्रास ते भिन्न असतात. एकानें एका कळफलकावर व दुसऱ्यानें दुसऱ्यावर असें नांव लिहिलें तर समोर दिसणारा फोल्डरही 'सांपडत नाहीं' असें उत्तर येतें. म्हणून पाथांतील नांवें पुन्हां हातानें लिहूं नयेत; फोल्डर उघडून वरच्या पट्टींतील पाथ उचलून सेटिंगांत आणून बसवावा. नांवेंही आंखूड असावीं. विंडोजमध्यें पुष्कळ प्रोग्रामांस पूर्ण पाथाची २६० चिन्हांची मर्यादा अजून बांधलेली असते, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरांतील हलन्त हीं सर्व त्यांत स्वतंत्र मोजलीं जातात. 'किल्ला' हा शब्द आपल्यास दोन अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या हिशेबीं तो सहा चिन्हांचा आहे.

आणखी एक अडचण एकत्र कुटुंबांत विशेष येते. एकाच संगणकावर आजोबा, काका, मुलें अशीं निरनिराळीं खातीं असतात, व प्रत्येकाचा 'घरचा फोल्डर' त्याच्या नांवानें निराळा असतो. काकांच्या खात्यांत बसून लिहिलेल्या पाथांत काकांचें नांव शिरतें. तेंच सेटिंग पुतण्याच्या लॅपटॉपवर नेलें कीं तेथें काका नसल्यामुळें वाट खुंटते. यासाठीं संगणकानें एक संकेत ठेवला आहे. विंडोजमध्यें 'यूझरप्रोफाइल' हा इंग्रजी शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्यें लिहिला, किंवा लिनक्समध्यें नागमोडी रेघेचें चिन्ह आरंभीं लिहिलें, तर त्याचा अर्थ 'जो बसला असेल त्याचें घर' असा होतो. मात्र प्रत्येक प्रोग्राम हा संकेत ओळखतोच असें नाहीं. म्हणून तो एकदां चालवून पाहावा. आणि जे कागद सर्वांचे आहेत ते कोणा एकाच्या घरच्या फोल्डरांत न ठेवतां सर्वांस जातां येईल अशा एका सामाईक फोल्डरांत ठेवावे. सामाईक मिळकत एकाच्या खोलींत ठेवली म्हणजे पुढें काय होतें, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

शेवटीं थोडी कृति सांगून हें लांबलेलें टिपण पुरें करतों. घरच्या संगणकावर एकच मूळ फोल्डर करावा व त्याचें नांव पुन्हां बदलूं नये. त्याच्या पोटांत जमीन, हिशेब, आरोग्य, शिक्षण, छायाचित्रें असे पांचसात फोल्डर करावे, अधिक नकोत. मग ज्या ज्या प्रोग्रामांत 'कोठें' असा प्रश्न आहे ते सर्व एकदां उघडून त्यांतील पाथ या मूळ फोल्डराखालीं आणावे. हे सर्व पाथ, डिस्कचें नेमलेलें अक्षर आणि बदलाची तारीख एका कागदी वहींत लिहून ती वही वीज-बिलांच्या फाईलीजवळ ठेवावी. वही कागदी असावी असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण संगणक बंद पडला असतां संगणकांतील टिपण वाचतां येत नाहीं. आणि महिन्यांतून एकदां, पहिल्या रविवारीं म्हणा, प्रतींची डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकास जोडून तिजवरील कालचीच एक फाईल उघडून पाहावी. डिस्क जागेवर आहे हें पाहणें पुरेसें नाहीं. तिजवर कालचा कागद आहे काय हें पाहिलें पाहिजे. एक आवाजाची फाईल ऐकूनही पाहावी.

हें काम घरांतील एकाच हुशार पुतण्यावर सोंपवूं नये. तो उद्यां पुण्यास जाईल, परवां परदेशीं जाईल, आणि वाटा त्याच्याबरोबर जातील. ज्या गृहिणीस माळ्यावरील ट्रंकेच्या तळाची पिशवी तोंडपाठ आहे तिला सहा फोल्डरांची मांडणी अवघड वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. किंबहुना ती मांडणी तिनेंच आंखून द्यावी असें आम्ही सुचवितों. प्रत्येक पिढी आपल्या मागें कांहीं ठेवून जाते. तें ठेवलें आहे एवढेंच सांगून भागत नाहीं. कोठें ठेवलें आहे हेंही सांगावें लागतें, आणि तें अशा रीतीनें सांगावें लागतें कीं सांगणारा जवळ नसतांना ऐकणारास सांपडावें.